न कुजलेल्या देहापासून मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत

सन १७२५. सर्बियातले किसिल्येवो हे खेडे. सात वर्षांपूर्वीच्या तहाने हा मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला होता आणि तिथला कारभार फ्रोमबाल्ड नावाचा सरकारी अंमलदार पाहत होता. पेटार ब्लागोयेविच या गावकऱ्याला पुरून दहा आठवडे झाले होते. तेवढ्यात आठ दिवसांत गावातली नऊ माणसे दगावली. पेटार रात्री येतो आणि गळा दाबतो, असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितले. वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत थांबा, असे फ्रोमबाल्डने विनवले. तर गावकऱ्यांनी गाव सोडून जाण्याची धमकी दिली. अखेर एका धर्मगुरूला बरोबर घेऊन त्याने थडगे उघडवले. देह जवळजवळ ताजा होता, केस-नखे वाढलेली दिसत होती आणि तोंडात रक्त होते. लोकांनी छातीत खुंटी ठोकून देह जाळून टाकला. घडले ते सारे फ्रोमबाल्डने अहवालात लिहिले आणि यात चूक झाली असेल तर ती भेदरलेल्या जमावाची समजावी, अशी विनंती केली. त्याच वर्षी तो मजकूर व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. धर्म आणि मरण यांच्या सीमेवरची आजची एक भयमालिका समजून घ्यायची, तर आपण या थडग्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

कारण न कुजलेला देह ही काही केवळ भीतीची खूण नव्हती. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे निधन झाले. पुढे अस्थी नेता याव्यात म्हणून पेटीत चुना घातला गेला होता. काही महिन्यांनी उघडून पाहिले तर देह जसाच्या तसा. १५५४ मध्ये तो गोव्यात आला, तेव्हा दर्शनासाठी लोटलेल्या भाविकांनी त्यात ईश्वरी कृपा पाहिली. जुन्या गोव्यात आजही दर दहा वर्षांनी दर्शनसोहळा होतो. अलीकडचा २०२४-२५ मध्ये झाला. एका गावी ज्या लक्षणासाठी देह जाळला गेला, त्याच लक्षणापुढे दुसरीकडे माणसे गुडघे टेकत होती. हा पेच फ्रान्समधल्या बेनेडिक्टाइन मठाचे प्रमुख ओग्युस्तँ काल्मे यांना स्वस्थ बसू देईना. ग्रीक चर्चमध्ये तर बहिष्कृताचा देह कुजत नाही, अशी समजूत होती. १७४६ मध्ये काल्मे यांनी या साऱ्या हकिकती गोळा करून ग्रंथ छापला. वॉल्तेरने त्यांची पुष्कळ थट्टा केली. मला मात्र काल्मे यांचा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी राजवैद्य व्हॅन स्वीटन यांच्या सल्ल्याने थडगी उकरण्यावर बंदी घातली आणि पिशाच्च सरकारी दप्तरातून साहित्यात शिरले.

१८१९ मध्ये लेखक पोलिडोरीने या पिशाच्चाला उमराव बनवले. खरे वळण आले ते १८९७ मध्ये, ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त. स्टोकर स्वतः आयरिश प्रोटेस्टंट. पण त्याचा डच डॉक्टर व्हॅन हेल्सिंग कॅथलिक मिस्सेतली पवित्र भाकर हत्यारासारखी वापरतो. पिशाच्च झालेल्या ल्यूसीच्या थडग्याच्या फटी तो त्या भाकरीच्या चुऱ्याने लिंपतो आणि मीनाच्या कपाळाला ती लावताच कातडी होरपळते. त्याआधी ड्रॅक्युलाने मीनाला आपल्या छातीतले रक्त बळेच पाजलेले असते. वेदीवरच्या संस्काराचे हे उफराटे रूप स्टोकरने दाखवले खरे, पण धर्म कोणत्या बाजूला आहे याविषयी त्याच्या वाचकाला शंका नव्हती.

ती शंका १९७५ मध्ये स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’मध्ये आली. फादर कॅलहान क्रूस उगारतात, तो उजळतो. पण क्रूस टाकून नुसत्या श्रद्धेच्या बळावर सामोरे येण्याचे आव्हान मिळताच त्यांचा धीर सुटतो आणि प्रकाश विझतो. पिशाच्च त्यांना आपले रक्त पाजते. नंतर स्वतःच्याच चर्चचे दार त्यांचा हात भाजते. १९७९ मध्ये टोबी हूपरने या कादंबरीवर दोन भागांची दूरचित्रवाणी मालिका केली आणि सबंध गाव हळूहळू ग्रासले जाण्याची गोष्ट घराघरांत पोहोचली. आपल्याकडे नारायण धारपांनी याच कादंबरीवर बेतलेली ‘लुचाई’ लिहिली.

या वाटेने आपण २०२१ पर्यंत येतो. दिग्दर्शक माइक फ्लॅनगन लहानपणी वेदीसेवक होता, पुढे दारूच्या व्यसनातून बाहेर पडला. ‘मिडनाइट मास’ या मालिकेची कल्पना त्याने कित्येक वर्षे उराशी बाळगली होती, ‘हश’ या त्याच्या २०१६ च्या चित्रपटातल्या लेखिकेच्या पुस्तकाचे नावही तेच आहे. नेटफ्लिक्सवरच्या सात भागांना बायबलमधील पुस्तकांची नावे आहेत. क्रॉकेट बेटावर १२७ माणसे उरली आहेत; तेलगळतीने मासेमारी बसली आहे. तिथले वृद्ध, विस्मरणाने ग्रासलेले धर्मगुरू यात्रेला जातात, वादळात वाट चुकतात आणि एका गुहेत पंख असलेले काहीतरी त्यांना रक्त पाजते. ते तरुण होऊन परततात आणि त्या प्राण्याला देवदूत मानून त्याचे रक्त मिस्सेच्या द्राक्षारसात मिसळतात. पांगळी मुलगी चालू लागते. चर्च भरू लागते. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द सातही भागांत कोणी उच्चारत नाही. व्हॅन हेल्सिंगचे हत्यार होते त्या संस्कारातूनच इथे विष पसरते, आणि ते पसरवणारा माणूस दुष्ट नसतो. तो प्रेमापोटी आणि मरणाच्या भीतीपोटी हे करतो. काल्मे यांना छळणारा प्रश्न इतक्या थेटपणे दुसऱ्या कोणत्याही भयकथेने विचारलेला नाही, असे माझे मत आहे.

‘लुचाई’ वाचलेल्यांनी ही मालिका जरूर पाहावी. चौथ्या भागात बेटावरचे रायली आणि एरिन घरात बसून मरणानंतर काय होते याविषयी बोलतात. ते संभाषण लांबले म्हणून पुढे सरकवू नका.