वेगाचा आकडा खोटं बोलू लागला तर? पिटो ट्यूबमध्ये बर्फ आणि पायलटचे पहिले काही सेकंद

मोठ्या प्रवासी विमानाचं नाक जवळून बघितलं, तर त्याच्या बाजूला बोटभर लांबीच्या काही नळ्या पुढे तोंड करून बसवलेल्या दिसतात. त्यांना पिटो ट्यूब म्हणतात. हवेतून विमान किती वेगाने चाललंय, हे पायलटला या नळ्यांमुळेच कळतं. आता या नळ्यांच्या तोंडात बर्फ अडकला तर काय होईल? आणि पायलट त्या वेळी काय करतात? या लेखात मी तेच सोप्या भाषेत सांगतो.

पिटो ट्यूब काम कशी करते?

हेन्री पिटो या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ मध्ये नदीच्या पाण्याचा वेग मोजायला अशी नळी वापरली. विमानात तत्त्व तेच आहे. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब नळीत मोजला जातो. आजूबाजूच्या हवेचा नुसता दाब विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकांतून घेतला जातो, त्यांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. या दोन दाबांमधल्या फरकावरून वेग निघतो.

बर्फ साचू नये म्हणून नळीत विजेवर चालणारा हीटर असतो. शिवाय कॅप्टनसाठी एक, को-पायलटसाठी एक आणि एक राखीव, अशा वेगवेगळ्या नळ्या असतात. पण तिन्ही नळ्या एकाच ढगातून जात असतात, हे विसरू नका.

बर्फ दोन प्रकारे फसवतो

नळीत शिरलेलं पाणी बाहेर जायला एक छोटं भोक असतं. फक्त पुढचं तोंड बंद झालं, तर आतला दाब या भोकातून निघून जातो आणि वेग एकदम कमी दिसू लागतो.

तोंड आणि भोक दोन्ही बंद झाले, तर दाब आतच कोंडला जातो. मग विमान वर चढतं तसा बाहेरचा दाब कमी होतो, फरक वाढतो आणि वेग वाढत चालल्याचं दिसतं. प्रत्यक्षात तो कमीही होत असू शकतो!

१९७४: वाढत जाणारा खोटा वेग

१ डिसेंबर १९७४ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं एक बोईंग ७२७ प्रवाशांशिवाय न्यूयॉर्कहून बफेलोला निघालं. पिटो हीटर चालू केलेले नव्हते. नळ्या गोठल्या आणि विमान चढत असताना वेगाचा आकडा वाढतच गेला. वेग कमी करायला पायलटनी नाक आणखी वर उचललं. स्टॉल जवळ आल्याचा इशारा मिळाला, तोही त्यांना जास्त वेगामुळे होणारी थरथर वाटली. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांवरची उचल गेली, आणि ते कोसळलं. तिघेही कर्मचारी गेले.

२००९: एअर फ्रान्स ४४७

१ जून २००९. रिओ द जानेरोहून पॅरिसला चाललेलं एअरबस ए३३० अटलांटिकवर ३५,००० फुटांवर होतं. वादळी ढगांच्या पट्ट्यातले बर्फाचे कण पिटो ट्यूबमध्ये अडकले. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, म्हणून ऑटोपायलट आपोआप बंद झाला. विमान हाताने उडवणाऱ्या को-पायलटने नाक वर खेचलं. विमान जवळपास ३८,००० फुटांपर्यंत चढलं, वेग गमावून बसलं आणि स्टॉल झालं.

बर्फामुळे बिघडलेले आकडे साधारण एका मिनिटात परत ठीक झाले होते. इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. तरीही ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात आदळलं. २२८ जण गेले.

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे. आकडा गेला म्हणून विमान पडत नाही. त्या आकड्यामागे धावल्याने ते पडू शकतं.

मग पायलटने करायचं काय?

नाक किती अंश वर आहे आणि इंजिन किती जोर लावतंय, या दोन गोष्टी ठरल्या की विमानाचा वेगही जवळपास ठरतो. पायलटच्या भाषेत याला पिच आणि पॉवर म्हणतात. हे दोन्ही दाखवणारी उपकरणं पिटो ट्यूबशिवाय चालू शकतात. म्हणून तोंडपाठ असलेला क्रम साधारण असा असतो:

- ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल बंद करायचे, कारण तेही त्याच खोट्या आकड्यावर चालत असू शकतात.
- नाक आणि इंजिन ठरलेल्या जागी आणायचं. उदाहरणार्थ, बोईंग ७३७ एनजीमध्ये फ्लॅप आत असताना नाक ४ अंश वर आणि इंजिन ७५ टक्के.
- विमान स्थिर झालं की चेकलिस्ट काढायची. वजन आणि उंचीनुसार नेमके आकडे त्यातल्या तक्त्यात मिळतात.
- पिटो हीटर चालू आहेत ना, ते बघायचं आणि कुठला वेग खरा आहे ते ताडून पाहायचं.
- स्टॉलचा इशारा वाजला, तर तो खरा मानून नाक खाली करायचं.

जीपीएस आहे की! मग अडचण काय?

हा प्रश्न हमखास येतो. जीपीएस जमिनीच्या तुलनेत वेग सांगतो. पंखांना मात्र हवेच्या तुलनेत वेग लागतो. समोरून ताशी १५० किलोमीटरचा वारा असेल, तर दोन्ही आकड्यांत तेवढाच फरक पडतो. त्यामुळे जीपीएसची मदत होते, पण तो पिटो ट्यूबची जागा घेऊ शकत नाही.

त्यानंतर काय बदललं?

२००९ मध्येच युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने ए३३० आणि ए३४० विमानांवरच्या त्या कंपनीच्या पिटो ट्यूब बदलायला लावल्या. फ्रान्सच्या तपास संस्थेचा अंतिम अहवाल २०१२ मध्ये आला. जास्त उंचीवर विमान हाताने उडवण्याचा आणि स्टॉलमधून बाहेर येण्याचा सराव वाढवावा, यावर तिचा भर होता. आता सिम्युलेटरमध्ये पायलटसमोर मुद्दाम वेगाचे आकडे बिघडवले जातात. अशा वेळी आधी काहीही ओढाताण न करता विमान स्थिर ठेवायचं आणि मगच बिघाड शोधायचा, ही सवय त्यातून अंगी बाणवली जाते.