आप्पांचा सोमवार

सोमवारी आमच्याकडं बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. औसा तालुक्यातलं गाव, घर लिंगायत आणि वार महादेवाचा. वापसा डोळ्यांदेखत उडत चालला असला तरी आजोबा ओट्यावर तंबाखू मळत बसून राहत. शेजारी म्हणायचे, "आप्पा, आजचा दिवस धरा की. उद्या पाऊस आला म्हंजी?" आप्पा म्हणत, "आला तर येऊ द्या. त्यो बी त्याचाच हाय."

जन्मात एकदाच त्यांनी सोमवारी गाडी जुंपली. साल १९४८. रझाकारांची धामधूम चालू होती, शेजारच्या गावात जाळपोळ झाली होती आणि निजामाची हद्द ओलांडली तरच जीव वाचणार होता. आजी, दोन लेकरं, एक म्हातारी चुलती आणि पितळी भांड्यांचं पोतं घेऊन ते रातोरात बार्शीकडं निघाले. बार्शी पूर्वीच्या इंग्रजी मुलखातली, म्हणजे एव्हाना भारतातली. तिथून 'बार्शी लाईट'च्या खेळण्यासारख्या डब्यात बसून कुर्डुवाडी. मागं राहिलेल्या घराचं काय झालं हे आप्पा एका वाक्यात सांगत. सोमवारी बैल जुंपल्याचं मात्र दहा वाक्यांत सांगत आणि दर वेळी तेवढ्यापुरता आवाज खाली जाई.

कुर्डुवाडीच्या फलाटावर त्यांना रेल्वेतले एक बाबू भेटले. त्यांनी लेकरांना दूध दिलं आणि सगळ्यांना आपल्या क्वार्टरच्या पडवीत झोपायला जागा दिली. त्यांचं आडनाव 'कर'नं संपणारं होतं. आप्पांनी ते तीन वेळा तीन प्रकारे सांगितल्यामुळं इथं देत नाही. भाषा स्वच्छ मराठी, मूळ पेणकडचे. आप्पांनी रिवाजाप्रमाणे जात विचारली. ते म्हणाले, "इस्राएल." आप्पांना कळेना. मग ते म्हणाले, "यहुदी हो, यहुदी." हा शब्द आप्पांना ठाऊक होता, कारण त्यांची शाळा उर्दू. पण यहुदी म्हणजे किताबातले, मूसा नबीचे लोक. त्यातला एक कुर्डुवाडीला तिकिटांचा हिशेब ठेवतो आणि बायकोला "अगं, पाणी आण" म्हणतो, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

रात्री बोलता बोलता आप्पांनी सोमवारचं पाप कबूल केलं. बाबू म्हणाले, "आमचा शनिवार. चूल नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही. आता रेल्वेची नोकरी म्हटल्यावर सगळं जमतं असं नाही. पण जिवावर बेतलं तर शनिवार मोडावा, असंच आमचं शास्त्र सांगतं. मोडला नाही तर पाप." आप्पा म्हणाले, "मग आमच्या महादेवाचं बी तसंच असंल." "असणारच," बाबू म्हणाले.

या गोष्टीला आप्पांनी वर्षानुवर्षं किती मीठमसाला लावला, देव जाणे. पुढंपुढं तर त्या बाबूंनी एका सोमवार पाळणाऱ्या हमालाशी दिवसांचा सौदा केला होता, तू माझा शनिवार सांभाळ, मी तुझा सोमवार, असंही ते सांगू लागले. मला ते खरं वाटत नाही. पण गोड वाटतं.

१९५८ साली दिलीपकुमारचा 'यहुदी' आला. लातूरला लागल्यावर आप्पा मुद्दाम गेले. पडद्यावर रोम, झगे आणि सोहराब मोदींची ती घुमणारी उर्दू. मध्यंतरात आप्पा उठले आणि बरोबरच्यांना म्हणाले, "ह्यो काय खरा यहुदी न्हाई. खरा यहुदी मराठी बोलतो."

हे वाक्य घेऊन मी १९८६ साली पुण्याला शिकायला गेले आणि रास्ता पेठेत एका आजींकडं खोली घेऊन राहिले. दाराच्या चौकटीला उजव्या अंगाला एक लहानशी नळी तिरकी ठोकलेली. येता-जाता आजी तिला बोटं लावून ओठांना लावत. ती मेझुझा; आत तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली गुंडाळी असते. मी आप्पांची गोष्ट सांगितली तेव्हा आजी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या आप्पांना पाठवायला हवं होतं गो जेरुसलेमला. तिथं आम्हाला हेच विचारत होते, खऱ्या का म्हणून."

ही गोष्ट त्या पुढं तुकड्यातुकड्यानं सांगत राहिल्या. कधी नारळ खवताना, कधी वीज गेल्यावर. पूर्वज समुद्रातून आले. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या. ध्यानात राहिली एक 'शेमा'ची प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यातलं चालतं-न चालतं आणि शनिवार. कोकणातल्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे टाकले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. सोमवार पाळणारे 'सोमवार तेली' वेगळे. गावांवरून आडनावं पडली: किहीमकर, दिवेकर, रोहेकर, राजपूरकर. पुढं कधीतरी दावीद राहबी नावाचा परका यहुदी आला. त्यानं बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडून बाकीचे बाजूला सारले. तेव्हा त्यानं ओळखलं, ही आपली माणसं. इतिहासकार यातलं किती धरतात आणि किती सोडतात हा निराळा विषय. मला त्यातली परीक्षा आवडते. भाषा विचारली नाही, पोथी मागितली नाही, ताटात काय वाढत नाही तेवढं पाहिलं.

सणांची नावं ऐकून तर मी चाट पडले. वर्षाच्या सुरुवातीचा नव्याचा सण. मग दारं लावून, पांढरे कपडे घालून उपासाचा दारफाळणीचा सण. शिवाय खिरीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस म्हणजे बिरड्याचा रोजा. त्या दिवशी वालाचं बिरडं. रोजा! आमच्या निजामी मुलखात मुसलमान शेजाऱ्यांमुळं रोज कानावर पडणारा शब्द कोकणातल्या यहुद्यांनी उपासाला लावला होता आणि पुढं सोललेले वाल ठेवले होते. प्रार्थना हिब्रूतच, पण जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात त्या मराठीत आणल्या. वल्हांडण सणाची हग्गादा ही पोथी पुण्यात १८७४ साली मराठी अर्थासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटका झालेल्या लोकांची कथा आणि बायका आपल्याकडच्या!

आता 'खऱ्या का'ची गोष्ट. इस्रायल झाल्यावर आजींचे दीर, नणंदा, पुढं थोरली मुलगीही तिकडं गेली. मुलगी दिमोनात, वाळवंटात. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं: बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातून गेलेल्या या यहुद्यांची, लग्नं लावण्याआधी त्यांच्या आज्या-पणज्यांपर्यंतची चौकशी करावी. काडीमोड शास्त्राप्रमाणे झाले होते का, बाहेरचं रक्त आलं का. गावोगावच्या कोकणी पणज्यांचे दाखले कुठून आणायचे? जेरुसलेममध्ये लोक धरणं धरून बसले, आजींचा धाकटा दीर त्यांच्यात. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी आहेत. आजी म्हणायच्या, "इथं कोणी दाखला मागितला नाही, तिथं घरच्यांनीच मागितला." रागावून नाही. आमटीत मीठ जास्त झालं हे सांगावं तशा.

माझं आजोळ नांदेडचं. तिथले दखनी शीख पिढ्यान्‌पिढ्या गोदावरीकाठचे, बाजारात अस्सल नांदेडी मराठी बोलणारे. गुरुद्वाऱ्यात पंजाबातून आलेले यात्रेकरू त्यांची बोली ऐकून क्षणभर थबकताना मी लहानपणी पाहिलेत. आजींचं ऐकताना मला ते थबकणं आठवायचं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीला जमीन हलली. ५२ गावं होत्याची नव्हती झाली. मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात. आमच्या गावातली मातीच्या पेंडीची, दगडी भिंतींची घरं आणि वर हात-हातभर मातीचं माळवद: सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. पालांतली, कुडाच्या छपरांतली गरीब माणसं मात्र पुष्कळ ठिकाणी वाचली. आप्पा वाचले, कारण त्या रात्री ते विसर्जनाहून येऊन गोठ्यापुढं बाजेवर निजले होते. माझी चुलती नाही वाचली.

पंधरा दिवसांनी पत्र्याच्या शेडच्या पत्त्यावर आजींचं आंतरदेशीय आलं. सांत्वनाची दोन वाक्यं, मग लिहिलं होतं: 'तुमच्यावर हे आलं त्या दिवशी आमचा मांडवाचा सण लागला. पुनवेलाच लागतो. देवळाच्या आवारात झावळ्यांचा मांडव घालतो आणि सात दिवस त्यात बसून जेवतो. छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत असा नियम आहे. मिसरातून निघालेल्यांना पक्कं घर नव्हतं, त्याची आठवण. यंदा मांडवात बसले आणि घास उतरेना. तुझी माणसं कुठं निजतात ते कळव.'

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चांदण्या दिसल्या पायजेत. बरोबर हाय." त्यानंतर मेले तोवर ते शासनानं बांधून दिलेल्या सिमेंटच्या घरात एकदाही झोपले नाहीत.

आजीही आता नाहीत. त्यांचा दिमोनातला नातू माझ्याशी मोबाईलवर बोलतो. मराठी समजते, मोडकी बोलतो, लिहितो इंग्रजी अक्षरांत. तिकडं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, ते त्याची आई वाचते. त्याला देवनागरी लागत नाही. हसण्याचं कारण नाही. माझी बंगळुरूची लेकही मला इंग्रजी अक्षरांतच 'aai' लिहिते. आप्पांची उर्दूतली जमाखर्चाची वही कपाटात आहे, घरातल्या एकालाही ती वाचता येत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र रोज कुणीतरी आपण अस्सल कोण आणि बाटगे कोण हे मोठ्या अक्षरांत कळवत असतं. सोमवारी ट्रॅक्टर थांबवणारं आता त्यात कुणी नाही. मीही नाही.

नातवाचा फोन शुक्रवारी सूर्यास्तापासून बंद. आपण पाठवलेल्यापुढं एकच बारीक खूण, दुसरी उमटत नाही. पहिल्यांदा मी घाबरले होते, तिकडच्या बातम्या तशाच असतात. आता त्या एका खुणेची सवय झाली आहे.

गेल्या सप्टेंबरात त्यानं आजींच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा. हे काय लिहिलंय, वाचून दाखव. बायको करू म्हणते. आणि चीक म्हणजे काय? मी आवाजात भरून पाठवलं. गहू तीन दिवस भिजत घाल, पाणी रोज बदल. मग वाटून, गाळून, पाणी निवळू द्यायचं. तळाशी बसतो तो पांढरा चीक. आमच्याकडं याच्याच कुरडया घालतात, उन्हाळ्यात, माळवदावर. आजी त्यात नारळाचं दूध घालायच्या. घोटताना हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. हे शेवटचं त्यांनी कंसात लिहिलंय, दोनदा अधोरेखित करून.

पाठवलं तेव्हा शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ झाले होते. एक खूण. शनिवारी सकाळी एक. दुपारी एक. रात्री दहाला दोन झाल्या आणि लगोलग निरोप आला: गहू आत्ता भिजवले.