पाच मुद्द्यांची कुळकथा

देव माणसाचा विश्वास पाहून त्याला निवडतो, की देवाने निवडले म्हणून माणसाला विश्वास धरता येतो? ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात हा वाद निघाला की 'कॅल्विनचे पाच मुद्दे' हमखास पुढे येतात. जॉन कॅल्विन मात्र १५६४ मध्येच वारला होता आणि ही पाचांची मांडणी त्याने कधी केली नाही. ती नेदरलँड्समध्ये जन्मली, तीही विरोधकांच्या कागदावर.

मूळ प्रश्न जुनाच. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेचे दान आहे, असे ऑगस्टीनने पाचव्या शतकात पेलाजियसशी वाद घालताना सांगितले होते. कॅल्विनने तोच धागा पुढे नेला. जिनिव्हात कॅल्विनच्या वारसदाराकडे, बेझाकडे शिकलेल्या याकोबुस आर्मिनियसला ते पटेना. कोण विश्वास धरील हे देवाला आधीच ठाऊक असते आणि त्यावरून तो निवडतो, अशी त्याची धारणा होती. १६०३ मध्ये तो लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि तिथे सहकारी गोमारुसशी त्याची जुंपली. १६०९ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या मताच्या पाळकांनी निवेदन दिले. त्यात पाच कलमे होती: निवड विश्वासावर अवलंबून आहे, ख्रिस्त सर्वांसाठी मेला, कृपेवाचून माणूस असमर्थ आहे, ती कृपा नाकारता येते, आणि विश्वासात शेवटपर्यंत टिकण्याचा प्रश्न अजून तपासायला हवा.

डॉर्डरेख्ट इथे नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ भरलेल्या धर्मसभेने त्याच क्रमाने उत्तर दिले; तिसरे आणि चौथे कलम तेवढे एकत्र घेतले. निर्णय स्पष्ट होता: विश्वास हे निवडीचे कारण नव्हे, फळ आहे. वादात राजकारणही मिसळले होते. निवेदनवाद्यांचा पाठीराखा ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा शिरच्छेद झाला, अनेक पाळकांची पदे गेली. तो अन्याय सिद्धान्ताच्या नावाने झाकता येणार नाही.

तरी सभेची कलमे मुळातून वाचायला हवीत. 'मी निवडलेला आहे का?' या चिंतेने ग्रासलेल्याला ती देवाच्या गूढ संकल्पात डोकावू देत नाहीत. ख्रिस्तावरचा विश्वास, पापाबद्दलचे दुःख, नीतिमत्त्वाची भूक आपल्या ठायी आहे का, ते पाहा, असे सांगतात. तान्हेपणी दगावलेल्या लेकरांच्या निवडीविषयी व तारणाविषयी देवभीरू आईबापांनी शंका धरू नये, असेही त्यांत लिहिले आहे. निवडीची शिकवण खचलेल्या माणसाला धीर देण्यासाठी आहे. तिच्या बळावर दुसऱ्याला बाद ठरवणाऱ्याला ती समजलेलीच नाही.