मॅट्रिकपुढील दोन वर्षे

आमच्या किनाऱ्यावरील जुन्या घरांतून एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्याच्या शिक्षणाविषयी पृच्छा केली असता ‘मॅट्रिकपर्यंत’ हेच उत्तर बहुधा कानी पडते. त्यापुढे काय, असे सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्यापुढे मुंबई, हे सर्वांस ठाऊक असते. चर्चच्या बांधणीचा व धर्मगुरूंच्या नामावळीचा वृत्तांत ह्या स्मरणिकेत अन्यत्र येणारच आहे. आम्ही येथे शाळा आणि पदवी यांच्या मधल्या दोन वर्षांकडे, म्हणजे आजच्या अकरावी-बारावीकडे, वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. देवगड व आचरा यांच्या दरम्यान वसलेल्या मिठबावसारख्या गावातील मुलांचे पुढील आयुष्य बहुतांशी ह्याच दोन वर्षांत ठरत आले आहे.

ही वर्षे शाळेची की कॉलेजची, हा वाद ख्रिस्तसभेच्या जुन्या विद्यालयांस ठाऊक नव्हता. येशूसंघाने १५९९ साली आपली अध्ययनपद्धती कायम केली, तीत व्याकरणाच्या तीन, साहित्याची एक व वक्तृत्वशास्त्राची एक अशा पाच इयत्ता एकाच छपराखाली होत्या. शेवटल्या दोहोंत विद्यार्थ्याने परकी भाषा नुसती समजून घ्यावयाची नसे, तर तीत स्वतः रचना करावयाची असे. इंग्लंडातील शाळांत ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणून जो वरचा वर्ग असतो, तोही तेथे शाळेचाच भाग गणला जातो. परक्या भाषेत रचना करण्याची शिस्त म्हणजे काय, हे पाहण्यास आम्हांस फार दूर जावयास नको. ह्याच संघाचे इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले, आणि त्यांनी आमच्या भाषेत रचिलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापून निघाले.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या परीक्षेने शाळेच्या दारी उंबरठा घातला. अलीकडे हायस्कूल, पलीकडे कॉलेज. मुंबईच्या मुलास उंबरठा ओलांडणे म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाणे. आमच्या मुलास त्याच कामी आगबोट गाठावी लागे, मुंबईत खोली अथवा नातलग शोधावा लागे, आणि घरी पैशाची तजवीज व्हावी लागे. मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस इंग्रजी शाळा मिळाली ती वडिलांची बदली रत्नागिरीस झाली म्हणून, आणि कॉलेज मिळाले ते मुंबईस गेल्यावर. १८६२ साली विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर झाले त्यांत ते होते. असा बुद्धिमान पुरुष वाट काढतोच. पण मध्यम बुद्धीच्या व गरीब घरच्या मुलाने काय करावे? सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली निघाले, तेही मुंबईतच. आमचे कित्येक तरुण त्या शहरात गेले खरे, परंतु कॉलेजात नव्हे. बोटीवर, गोदीत, साहेबाच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या मनिऑर्डरींवर येथील घरे उभी राहिली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण त्यांच्यातील किती जणांची बुद्धी मॅट्रिकच्या पाटीपाशीच थबकली, ह्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडलेला नाही.

उंबरठा हळूहळू जवळ आला. १९४५ साली रत्नागिरीस व १९६१ साली सावंतवाडीस महाविद्यालय निघाले. मॅट्रिकची जागा १९४९ पासून एस.एस.सी.ने घेतली. खरा पालट मात्र कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीनंतर झाला. महाराष्ट्रात १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्याच वर्षी अकरावीचे नवे वर्ग उघडले. हे वर्ग हायस्कूलांसही जोडता येतील, असे ठरले. आमच्या मते त्या निर्णयातील हेच कलम सर्वांत मोलाचे. कारण ज्या गावी कॉलेज काढणे शंभर वर्षांतही शक्य नव्हते, तेथे चालत्या शाळेवर दोन इयत्ता चढविणे शक्य झाले. विशेष लाभ मुलींचा झाला. मुलीस परगावी ठेवण्यास जे आईबाप कधीच राजी झाले नसते, त्यांनी तिला एस.टी.ने अकरावीस धाडले.

वसईच्या आमच्या मराठीभाषिक बांधवांनी ही संधी चांगली साधली. पापडीच्या थॉमस बाप्टिस्टा हायस्कूलास कनिष्ठ महाविद्यालय जोडले गेले, आणि १९८४ साली संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावे वसईत पदवीचे महाविद्यालयही उभे राहिले. तेथे वस्ती दाट, आमची विरळ. तेव्हा तुलना पुरती न्याय्य नव्हे, हे आम्ही जाणतो. शास्त्रशाखा म्हटली की तीन प्रयोगशाळा आल्या, आणि विनाअनुदान तत्त्वावर वर्ग मिळाला तर शिक्षकांच्या वेतनाचा भार संस्थेवर पडतो. संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांस शाळा काढण्याचा हक्क दिला आहे. पैसा दिलेला नाही.

ह्या वर्षांशी ख्रिस्तसभेचा आणखी एक संबंध आहे. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांस, त्यांच्या प्रांतातील इतर तरुण ज्या शिक्षणाने उच्च विद्येस सिद्ध होतात तेच शिक्षण दिले जावे, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या २३४ व्या कलमात सांगितले आहे. म्हणजे २००५ साली स्थापन झालेल्या आमच्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतास धर्मगुरू हवे असतील, तर त्यांची वाटही बारावीवरूनच जाते.

आज बुद्धीची उणीव मुळीच नाही. बारावीच्या निकालाच्या टक्केवारीत कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येत आहे. अडचण आहे ती निवडीची. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश अवघ्या राज्यात ऑनलाइन झाला असून महाविद्यालयांची पसंती क्रमाने नोंदवावी लागते. क्रम लावताना नावाच्या मोठेपणाबरोबर एस.टी.ची वेळही पाहावी, कारण संध्याकाळची गाडी चुकल्यास मिठबावच्या मुलीस परत आणावयास घरच्याच कोणास निघावे लागते. ख्रिस्ती संस्थेत अल्पसंख्याक म्हणून जागा हवी असेल, तर शाळेच्या दाखल्यावर धर्माची नोंद बरोबर आहे ना, हे दहावीच्या परीक्षेपूर्वीच तपासून घ्यावे.