‘संडेज’मधला ‘एस’

‘ऑन मंडे’ म्हणजे त्या एका सोमवारी आणि ‘ऑन मंडेज’ म्हणजे दर सोमवारी, असं आपल्याला शाळेत शिकवतात. नियम बरोबरच आहे. पण ‘ही वर्क्स संडेज’ या वाक्यात ‘ऑन’ गाळलेलं कसं चालतं, ते या नियमातून कळत नाही. त्यासाठी हजार वर्षं मागे, जुन्या इंग्रजीच्या विभक्तींकडे जावं लागतं.

त्या भाषेत दिवसाला ‘दॅय’ म्हणत. त्याचं षष्ठीचं रूप ‘दॅयेस’. त्याचा अर्थ ‘दिवसाचा’, पण क्रियाविशेषण म्हणून एकटं आलं की तेच रूप ‘दिवसा’ हा अर्थ देई. मराठीत हे काम सप्तमी करते: दिवसा, रात्री, सोमवारी. आपल्याला जसं वेगळं अव्यय लागत नाही, तसं तिथेही लागत नसे. रात्रीचा ‘निख्त’ हा शब्द मात्र स्त्रीलिंगी. त्याच्या षष्ठीत ‘स’ येण्याचं कारणच नव्हतं. तरी ‘दॅयेस’च्या जोडीनं लोक ‘निख्तेस’ म्हणू लागले. बोलणाऱ्यांनी केवळ कानाच्या ओढीनं घडवलेलं हे रूप मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. जर्मनमध्येही तेच घडलं: ‘नाख्ट’ स्त्रीलिंगी, पण ‘रात्री’ म्हणायला ‘नाख्ट्स’.

नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत इंग्रजीच्या विभक्ती झपाट्यानं झिजल्या. षष्ठीचा ‘स’ आणि अनेकवचनाचा ‘स’ कानाला सारखेच झाले. ‘नाइट्स’ म्हटलं की ऐकणाऱ्याला अनेक रात्री दिसू लागल्या. नेमानं घडणारी गोष्ट अनेकदा घडतेच, त्यामुळे अर्थाला धक्का लागला नाही. वारांची नावंही याच साच्यात बसली. ‘वन्स’, ‘ट्वाइस’, ‘ऑलवेज’ यांत तो जुना ‘स’ अजून आहे; तिथे अनेकवचन शोधायला कुणी जात नाही. वोडन देवाच्या नावावरून आलेल्या ‘वेन्सडे’च्या पोटातला ‘स’सुद्धा षष्ठीचाच.

जर्मननं हा भेद आजही जपला आहे. तिथे ‘मोंटाग्स’ म्हणजे दर सोमवारी. नामं मोठ्या अक्षरानं सुरू करणारी ती भाषा हा शब्द छोट्या अक्षरानं लिहिते, कारण ते क्रियाविशेषण आहे.

इंग्रजीनं मात्र हा ‘एस’ अनेकवचनाचा मानला, आणि आता तोच खरा. तेव्हा दुकानाच्या पाटीवर ‘क्लोज्ड मंडेज’ लिहिताना ‘एस’आधी ॲपॉस्ट्रॉफी घालू नका.