अरुंद अक्षर : पोथीपासून मथळ्यापर्यंत

काशीच्या पंचगंगा घाटाच्या उत्तरेस दुर्गाघाट आणि त्याला लागून ब्रह्माघाट. अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने नारायण दीक्षित पाटणकर यांनी या परिसरात घाट व वाडे उभारले आणि महाराष्ट्रातून आलेल्या वैदिकांची वस्ती येथे स्थिरावली. या वस्तीचे अक्षर पोथीचे. पोथीचे पान आडवे व लांबट, बोरू तिरका कापलेला. जागेची टंचाई नसल्याने बालबोध अक्षर ऐसपैस व गोलसर राहिले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या अक्षर-ओतशाळेत राणोजी रावजी आरू यांच्या हातून घडलेल्या खिळ्यांनी हेच वळण शिशात उतरविले.

वृत्तपत्राने हा हिशेब उलटा केला. स्तंभ चिंचोळा आणि मथळा मात्र दुरून दिसावा असा. तेव्हा अक्षर उंच वाढवून अंगाने आवळणे भाग पडले. रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांना हे सहज मानवते. देवनागरीची उंची मात्र तीन मजल्यांत वाटलेली : वर मात्रा, वेलांटी, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. शिवाय 'ग', 'त', 'प' उभ्या दांड्याच्या आधाराने आखडतात, तर 'झ', 'क्ष', 'ळ' यांच्या पोकळ्या मिटू लागतात. खिळ्याची रुंदी ओततानाच ठरते. रेखाटणारा हात मात्र शेजारचे अक्षर पाहून तडजोड करतो. म्हणूनच मोठी अरुंद अक्षरे पुष्कळदा हाताने रेखाटून, त्यांचे ब्लॉक करून छापली गेली.

पोथीकडून स्तंभाकडे झालेला हा प्रवास काशीतील एका मराठी घराण्यात दोन पिढ्यांत घडलेला दिसतो. विष्णुशास्त्री पराडकर संस्कृतचे पंडित. त्यांचे पुत्र बाबूराव (१८८३–१९५५) हे १९२० मध्ये निघालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे ख्यातनाम संपादक. १९३० च्या सत्याग्रहकाळात गुप्तपणे निघालेल्या 'रणभेरी'शीही त्यांचे नाव निगडित आहे. अशा चक्रमुद्रित पत्रांच्या मेणकागदावर मोठा खिळा चालत नाही. तेथे मथळ्याला हाताचाच आधार. छापखाना बंद पडला, तरी अक्षर बंद पडत नाही.

मुंबईत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत या कलेला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. जाहिरातीची जागा मोजकी. तरी शीर्षकातील भाव त्यांनी अक्षरांच्या वळणातून बोलका केला. आता 'खंड', 'टेको' यांसारखे आटोपशीर संगणकीय टंक तयार मिळतात. त्यांनी सोय केली, यात शंका नाही. परंतु एकदा ठरलेले रूप ते प्रत्येक शब्दाला सारखेच देतात.

अरुंद अक्षराची कसोटी त्याने किती जागा वाचविली ही नव्हे, तर आवळूनही मात्रा, उकार आणि अक्षराचे पोट शाबूत राहिले की नाही, ही होय. काशीच्या घाटांची नावे आजही भिंतींवर रंगविलेली, नावेतून वाचता येतात. वाचणारा प्रवाहात असतो आणि नाव क्षणभरच समोर राहते. तेवढ्या वेळात ते ओळखू यावे, एवढीच अक्षराकडून त्याची अपेक्षा असते.