फेकलेला कागद संपत नाही

आजच्या भागाची सुरुवात शेंगदाण्यांपासून करते.

गेल्या महिन्यात स्टेशनबाहेर पाऊस थांबायची वाट बघत उभी होते. खारे शेंगदाणे घेतले, खाऊन झाले आणि पुडीचा कागद उलगडून वाचायला लागले. जुन्या कागदांमध्ये दिवस काढणाऱ्या माणसाला हा रोग असतोच. कागद म्हणजे कुठल्याशा कर्जाच्या अर्जाची झेरॉक्स होती. एका बाईंचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन नंबर आणि खाली ठसठशीत सही. दहा रुपयांच्या शेंगदाण्यांबरोबर मला एक अख्खा माणूस फुकट मिळाला होता.

तो कागद मी तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकणार होते, पण हात थांबला. डब्यात टाकून काय होणार? माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईल, एवढंच. आणि त्याच वेळी आठवलं, की घरी माळ्यावर बाबांच्या कागदांची दोन पोती पडली आहेत आणि आई वर्षभर मागे लागली आहे, "रद्दीवाल्याला बोलाव एकदा." बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

तर आजचा विषय हा. आपली ओळख सांगणारा कागद नको झाला, की त्याचं काय करायचं? प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याला इतिहास आहे.

आपल्या भाषेतल्या एका शब्दापासून सुरू करू. शिक्कामोर्तब. आज आपण तो 'मंजुरी' या अर्थानं वापरतो. मराठेशाहीत मात्र शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या मुद्रा होत्या. शिक्का कागद कोणाचा ते सांगायचा. मोर्तब मजकूर संपला तिथे उमटायची, म्हणजे नंतर कोणी मागाहून एखादी ओळ घुसडू नये. मोडी वाचायला शिकताना शेवटाची मुद्रा आधी शोधायची सवय लागते, ती यामुळेच. दुसऱ्याच्या नावानं कागद रंगवणारे लोक तेव्हाही होते आणि त्यांचा बंदोबस्तही होता.

पण त्या जगात एक सोय होती. ओळख एका वस्तूत असायची. मुद्रा सांभाळली की झालं. आणि माणूस गेला तर? रोममध्ये याचं उत्तर आजही बघायला मिळतं. पोपच्या बोटात 'मच्छीमाराची अंगठी' असते. पूर्वी तिचा ठसा पोपच्या पत्रांवर उमटायचा. पोप वारले, की ती अंगठी मोडायची किंवा निकामी करायची, असा रिवाज आहे. मेलेल्या पोपच्या नावानं कोणी खोटा कागद काढू नये, हा मूळ हेतू. २०१३ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टनी पद सोडलं, तेव्हा ते हयात होते, तरीही त्यांच्या अंगठीवर खोल चरे मारून ती बाद केली गेली. आपल्याकडे मात्र माणूस गेल्यावर त्याच्या कागदांचं काय करायचं, याचा काही विधी नाही.

ही एका वस्तूची सोय विसाव्या शतकात मोडली. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आलं आणि साध्या कागदावर झटपट नक्कल काढणं कोणत्याही कचेरीला जमायला लागलं. आपण तर कंपनीचं नावच क्रियेला देऊन टाकलं. आता मूळ कागद कपाटात कुलूपबंद असतो आणि त्याच्या नकला सिमकार्डवाल्याकडे, लॉजवर, भाड्याच्या करारात, कॉलेजच्या फॉर्ममागे, कुठे कुठे असतात. मूळ सांभाळून उपयोग काय?

बरं, कागद नष्ट करायचं यंत्र झेरॉक्सच्याही आधीचं आहे. अमेरिकेत अ‍ॅबट ऑगस्टस लो नावाच्या गृहस्थानं १९०९ मध्ये रद्दी फाडणाऱ्या पेटीचं पेटंट घेतलं. पण ती बाजारात काही आली नाही. मग १९३५ च्या सुमारास जर्मनीत अ‍ॅडॉल्फ एहिंगर यानं असं यंत्र खरंच बनवलं. हिटलरचा काळ. त्याच्याकडे नाझीविरोधी मजकूर होता, तो नाहीसा करायची निकड होती, आणि कल्पना सुचली ती शेवया पाडायच्या हातयंत्रावरून, असं सांगतात. पुढे त्याला मोटर बसली आणि सरकारी कचेऱ्या, बँका अशी गिऱ्हाइकं मिळाली.

शेवयांसारख्या पट्ट्या पडल्या म्हणजे कागद संपला, असं बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं. हा समज मोडला तेहरानमध्ये.

४ नोव्हेंबर १९७९. इराणी विद्यार्थी अमेरिकेच्या दूतावासात घुसले. आतले कर्मचारी घाईघाईनं गुप्त कागद यंत्रात घालत होते. ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. तेवढ्याच चिकाटीनं दुसरं एक काम चाललं होतं, ते कमी जणांना माहीत असतं. कापलेल्या पट्ट्या गोळा करून त्या शेजारी शेजारी लावायचं काम. यात गालिचे विणणाऱ्यांची मदत घेतली गेली, असं सांगतात. धाग्याला धागा जुळवणाऱ्या हातांना पट्टीला पट्टी जुळवणं काय अवघड! जुळवलेली पानं आणि दूतावासात अखंड सापडलेले कागद मिळून पुढे पन्नासहून जास्त खंड छापले गेले. त्या कागदांमध्ये माणसांची नावं होती. अब्बास अमीर-एंतेझाम हे क्रांतीनंतरच्या पहिल्या सरकारात उपपंतप्रधान होते. दूतावासातल्या कागदांच्या आधारे त्यांच्यावर हेरगिरीचा ठपका आला आणि त्यांना जन्मठेप झाली.

दुसरी गोष्ट बर्लिनची. १९८९ च्या शेवटी पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा, श्टाझी, स्वतःची दफ्तरं नष्ट करायला बसली. यंत्रं पुरेनात, तेव्हा लोक हातानं पानं फाडू लागले. तुकडे पोत्यांत भरले, पण पोती जाळायला वेळ मिळाला नाही. १५ जानेवारी १९९० ला लोकांची गर्दी मुख्यालयात शिरली. सुमारे सोळा हजार पोती हाती लागली. १९९५ पासून न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडोर्फमध्ये काही माणसं रोज टेबलाशी बसून हे तुकडे चिकटपट्टीनं जोडत होती. वर्षानुवर्षं बसून पाचशेच्या आसपास पोती, पंधरा लाखांहून जास्त पानं त्यांनी हातानं जुळवली.

इथे माझी पंचाईत होते, ते कबूल करते. बर्लिनमध्ये तुकडे जुळले याचा मला आनंद आहे. आपल्यावर पाळत कोणी ठेवली, हे त्यामुळे लोकांना कळलं. तेहरानमध्ये जुळले, तेव्हा माणसं तुरुंगात गेली. कागद तोच, चिकाटी तीच. फरक एवढाच, की तो कोणाचा होता आणि कोणाच्या हाती लागला. दोन्हीकडून धडा मात्र एकच मिळतो. फाडलेल्या कागदाचं रक्षण कापण्यानं होत नाही. जुळवणाऱ्याचा कंटाळा त्याचं रक्षण करतो. आणि आता कंटाळा न येणारी यंत्रं आहेत. २०११ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या 'डार्पा' या संस्थेनं कापलेल्या कागदांची पाच कोडी लोकांपुढे ठेवली. संगणकाची मदत घेऊन एका संघानं ती ३३ दिवसांत सोडवली आणि ५०,००० डॉलर जिंकले.

अर्थात, तुमची-माझी झेरॉक्स जुळवायला गालिचे विणणारे बसणार नाहीत. गरजच नाही ना! आपण ती अखंडच देतो. कचऱ्यात टाकलेलं आपलं राहतं का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. 'कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड', १९८८. पोलिसांनी वॉरंटशिवाय एकाच्या कचऱ्याच्या पिशव्या तपासल्या होत्या. न्यायालय म्हणालं, रस्त्याकडेला ठेवलेली पिशवी कुत्री-मांजरं, मुलं, भंगारवाले कोणीही उघडू शकतं, तिथे खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. पुढे १९९८ मध्ये तिथे ओळखचोरी हा केंद्रीय कायद्यानं गुन्हा ठरला, आणि २००५ पासून ग्राहकांच्या पतअहवालातली माहिती बाळगणाऱ्या धंद्यांवर ती नीट नष्ट करायची सक्ती आली.

आपल्याकडे? २९ सप्टेंबर २०१० ला पहिलं आधार दिलं गेलं, ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमात दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखखूण लबाडीनं वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं सांगितलं, की आधारची झेरॉक्स कोणालाही सरसकट देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्या. गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, पण तो संगणकावरच्या माहितीपुरता. नुसत्या कागदावर राहिलेली झेरॉक्स त्यात येतच नाही. पुडीतल्या बाईंचा वाली कोण, ते तुम्हीच बघा.

म्हणून घरी काय केलं ते सांगते. आई आणि मी दोन पोती पालथी केली. खरेदीखतं, मृत्यूचा दाखला, विम्याचे चालू कागद, पत्रं, बाबांच्या डायऱ्या, हे सगळं एकीकडे ठेवलं. इतिहास शिकलेली बाई डायरी फाडू शकत नाही आणि फाडूही नये. उरले बँकेचे जुने उतारे, सह्या असलेले फॉर्म, पॅन आणि आधारच्या सतरा झेरॉक्स, बाद झालेली कार्डं.

यंत्र घेणार असाल तर एवढं बघा. नुसत्या लांब पट्ट्या पाडणारं नको, आडवे-उभे बारीक तुकडे करणारं घ्या. जर्मन मापात 'पी-४' म्हणजे एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नाही. पट्ट्यांचंच असेल तर ओळी आडव्या कापल्या जातील असा कागद घाला, नाहीतर ओळ अख्खी एका पट्टीत उतरते. कार्ड असेल तर कात्री चिपमधून आणि काळ्या पट्टीतून गेली पाहिजे. झेरॉक्स देताना तिच्यावर कोणाला, कशासाठी आणि तारीख, हे मजकुरावरूनच तिरकं लिहा. ती आपली मोर्तब समजा. आणि पार्सलच्या खोक्यावरचं नाव-नंबरचं लेबल काढल्याशिवाय खोकं बाहेर ठेवू नका.

आम्ही यंत्र घेतलं नाही. आई म्हणाली, "भिजत घाल." तिच्या लहानपणी घरात कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालायचे आणि टोपल्या करायचे. झेरॉक्सची शाई पाण्यानं निघत नाही, त्यामुळे नुसतं भिजवून भागत नाही. तुकडे करून, दोन रात्री भिजवून, हातानं पार कुसकरावे लागतात. तेच केलं. बाबांची सही असलेला एक फॉर्म आईनं जरा वेळ हातात धरला, मग तोही पाण्यात सोडला. "पत्रांवर आहेत की सह्या," ती म्हणाली.

पुडीतल्या त्या बाईंचा कागदही त्याच बादलीत गेला. त्यांना हे कधी कळणार नाही. त्यांच्या बाकीच्या झेरॉक्स कुठे फिरतायत, तेही मला कळणार नाही.

तुमच्या माळ्यावर काय आहे, ते या रविवारी एकदा बघा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.